गोष्टीतला मृत्यू मायाळू असणं ही फसवणूक आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार महिन्यांपूर्वी वडील गेले, आणि तेव्हापासून कुठल्याही फँटसी कादंबरीत मृत्यू हा समजूतदार, प्रेमळ पात्र बनून आला की संताप येतो. ही वाचकाची फसवणूक नाही का?

संताप येणारच. पण मला ती फसवणूक वाटत नाही. हे मला आजीच्या उशाशी बसून कळलं, म्हणून तिथूनच सांगतो.

ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागात आमचं जुनं घर आहे. जानेवारीची थंडी, आजीच्या अंगावर दोन रजया, आणि डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हणून सांगितलेलं. रात्रीची पाळी माझी. झोप लागू नये म्हणून मी टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची १९९१ची 'रीपर मॅन' ही फँटसी कादंबरी वाचत होतो. त्याच्या डिस्कवर्ल्ड नावाच्या काल्पनिक जगात मृत्यू म्हणजे काळा झगा घातलेला एक सांगाडा. लांब दांड्याचा विळा, पांढरा घोडा, आणि मांजरांची भारी आवड. तो कोणाला मारत नाही. माणसं आजाराने, अपघाताने, राजांच्या हट्टापायी मरतात. हा फक्त वेळेवर हजर होतो. या कादंबरीत विश्वाचा हिशेब ठेवणाऱ्यांना खटकतं, की याला स्वतःचं मन फुटायला लागलंय. म्हणून त्याला कामावरून काढतात. मग तो एका म्हाताऱ्या बाईच्या शेतावर गडी म्हणून राहतो. ती त्याला गवत कापायला सांगते. तो कापतो, भराभर कापतो, पण एका वेळी एकच पात.

"काय वाचतोयस रे एवढं?" आजीने विचारलं. मी सांगितलं. ती इतका वेळ गप्प राहिली की मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाली, "म्हणजे दुर्वा खुडतोय म्हण की."

तुमच्या घरी कोणी दुर्वा खुडत असेल तर तुम्हाला हे लगेच कळेल. गवत मुठीने उपटता येतं, दुर्वा नाही. आजी मागच्या अंगणात पाटावर बसायची, चष्मा नाकावर ओढायची आणि तीन पानांची एकेक दुर्वा बोटांनी वेगळी करून, नखाने खुडून मांडीवरच्या ताम्हनात ठेवायची. एकवीस झाल्या की जुडी. घाई असली तरी तिने कधी मूठभर उपटून आणल्या नाहीत. खुडलेली दुर्वा तर जातेच. पण तिच्याकडे कोणीतरी बघितलेलं असतं.

चांगल्या कादंबरीतल्या मृत्यूची दया एवढीच असते, असं मला वाटतं. सोडून देणं त्याच्या हातात नाही, एकेकाकडे बघणं आहे. त्याच कादंबरीत जुन्याच्या जागी नवा मृत्यू येतो, तो डोक्यावर मुकुट घालून. काम तेच, पण त्याला माणसांवर राज्य करायचंय. जुना संतापतो तो त्या मुकुटावर. पुढे तो आपल्याहून मोठ्या शक्तीपुढे उभा राहून एवढंच मांडतो, की कापणाऱ्याची माया सोडली तर पिकाने दुसऱ्या कशाची आशा करायची?

उलट ज्या गोष्टींत मृत्यू चांगल्या माणसांना सवलत देतो, प्रेम बघून विरघळतो आणि चार वर्षं वाढवून देतो, त्यांचा मलाही राग येतो. अशा गोष्टी वाचून मागे राहिलेल्याला वाटतं, मीच विनवण्यात कमी पडलो. खरं सांगतो, सावित्रीची गोष्ट मला लहानपणापासून याच कारणाने टोचते. आजोबा गेले तेव्हा आजी एकतीस वर्षांची होती. तिने काय कमी केलं होतं?

आणि हे सगळं काही परदेशी लेखकांनी शोधून काढलेलं नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपण कणकेचा दिवा करून दाराबाहेर ठेवतो, वात दक्षिणेकडे. आमच्या शेजारच्या हिंदी भाषक काकू त्याला 'जम का दिया' म्हणतात. त्या दिव्यापाशी मागणं काय असतं? अकाली येऊ नकोस, एवढंच. येऊच नकोस असं कोणी म्हणत नाही. आमच्याकडे ग्वाल्हेरला फुलबाग भागाजवळ मार्कंडेश्वराच्या मंदिरात यमराजाची मूर्ती आहे, नरकचतुर्दशीला तिला अभिषेक होतो. तिथे येणारी म्हातारी माणसं शेवटी हाल नकोत म्हणून हात जोडतात. ज्याच्याशी असं बोलता येतं, त्याला राक्षस कसं म्हणायचं?

प्रॅचेटला मरणपंथाला लागलेल्या वाचकांची पत्रं यायची, की आम्हाला न्यायला येणारा तुमच्या पुस्तकातल्यासारखा असू दे. अशी पत्रं वाचून आपण भिंतीकडे बघत बसतो, असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे त्याला स्वतःला अल्झायमर झाला आणि २०१५ साली तो गेला. ही पत्रं पाठवणाऱ्यांना तुम्ही फसलेले म्हणाल का? मला नाही म्हणवत. आपण मरणार हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. जाताना सोबत कोण असेल, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

तुम्हाला आत्ता काही वाचायचंच असेल, तर कादंबऱ्या राहू द्या. महाभारतातलं शांतिपर्व काढा. युद्ध संपलंय, मेलेल्या राजांकडे बघून युधिष्ठिर विचारतो, हा मृत्यू आला तरी कुठून? भीष्म सांगतात: पृथ्वीवर जीवांचा भार झाला तेव्हा ब्रह्मदेवापासून एक स्त्री निर्माण झाली. हो, स्त्री. तीच मृत्यू. ब्रह्मदेव म्हणाला, जा, प्रजेचा संहार कर. ती रडायला लागली. तिचे अश्रू खाली पडू नयेत म्हणून त्याने ते आपल्या ओंजळीत धरले. ती म्हणाली, कोणाची लेकरं, कोणाचे भाऊ, कोणाचे आईबाप मी कसे नेऊ? मागे राहिलेल्यांच्या रडण्याची मला भीती वाटते. आणि काम टाळण्यासाठी ती तपाला निघून गेली, वर्षानुवर्षं एका पायावर उभी राहिली. शेवटी ब्रह्मदेवाने सांगितलं, तुझे जे अश्रू मी धरून ठेवलेत तेच रोग होतील, ते माणसांना नेतील, तुला पाप लागणार नाही. तेव्हा कुठे ती तयार झाली, तीही शापाच्या भीतीने.

या गोष्टीत कोणी तुमची समजूत काढत नाही, म्हणून ती सुचवतोय. तुमचा संताप तिच्यात मावेल.

मला ती आजी गेल्यावर सापडली. तिला सांगायची राहून गेली.