स्थलांतरित मजुरांसाठी आयुष्यभर झटलेल्या ताईंच्या स्मृतीसाठी काय करावं?

तुम्ही विचारलंय, नवी मुंबईतल्या तुर्भ्याच्या नाका कामगारांसाठी (रोज सकाळी नाक्यावर काम शोधत उभ्या राहणाऱ्या मजुरांसाठी) आयुष्य वेचलेल्या तुमच्या ताई गेल्या, तर त्यांच्या नावाने वाचनालय काढावं की व्याख्यानमाला? माझ्या मते दोन्ही नंतर. आधी त्यांचं मजुरांच्या तक्रारींच्या फायलींचं कपाट उघडा.

कार्यकर्ता गेला म्हणून मुदती थांबत नाहीत. घटनेला वर्ष उलटलं की मानवी हक्क आयोग तक्रारीची चौकशी करत नाही. कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. म्हणून फायली नावाने नाही, घटनेच्या तारखेने लावा. प्रत्येकीवर एक कागद चिकटवा: काय घडलं, कधी, अर्ज कुठे दिला, पोच आहे का, मजुराचा फोन आणि गावाकडचा एक फोन. गावाकडचा नंबर हवाच, कारण साइट बदलते तसं सिमही बदलतं. आयोगाकडे जायचं तर राज्य किंवा राष्ट्रीय, एकाकडेच जा. एका आयोगापुढे चालू असलेल्या प्रकरणात दुसरा लक्ष घालत नाही.

आधार, हजेरीची वही, मुकादमाची चिठ्ठी असे मूळ कागद सापडले तर झेरॉक्स ठेवून ज्याचे त्याला परत करा आणि सही घ्या. स्मरणिका काढलीत तरी मजुराची ओळख पटेल असं काहीही छापू नका. ठेकेदाराने ते पाहिलं तर त्या माणसाला नाक्यावरून कोणी कामाला नेणार नाही.

मग मजुरांच्या मदतीसाठी ताईंचं नाक्यावरचं बसणं चालू ठेवा. आठवड्यातून एकच सकाळ, पण वार कधी चुकवू नका. बांधकाम मजुरांचा सगळ्यात मोठा अडसर म्हणजे कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी लागणारा, मागच्या 12 महिन्यांत 90 दिवस काम केल्याचा दाखला. ठेकेदार तो देत नाही, कारण सही केली की मजूर आपल्याकडे होता हे लेखी होतं. मजुरी बुडवल्यावर तोच कागद त्याच्या अंगाशी येतो. त्यामुळे पहिल्या दिवसापासून वहीत तारीख, जागा आणि ठरलेली मजुरी लिहायला लावा. लिहिता येत नसेल तर साइटवरच्या महारेराच्या फलकाचा फोटो काढायला सांगा. मजुराला बहुतेकदा मुकादमाचं टोपणनावच माहीत असतं. फलकावरून बिल्डर सापडतो.

बिहार-उत्तर प्रदेशचं रेशन कार्ड इथल्या दुकानात चालतं, मात्र ते अन्नसुरक्षा योजनेतलं हवं आणि आधार जोडलेलं हवं. सिमेंटने बोटांचे ठसे झिजतात, मशीन नकार देतं आणि दुकानदार परत पाठवतो. घरातल्या दुसऱ्या कुणाचा ठसा चालतो का ते पाहा, नाहीतर आधार केंद्रावर ठसे नव्याने घ्या. एका कार्डावरचा काही वाटा गावी आणि काही इथे उचलता येतो, हे फार कमी जणांना ठाऊक असतं.

मुलांच्या शाळेसाठी शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 छापून जवळ ठेवा: जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही.

वकील लागला तर ठाणे न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा किंवा 15100 वर फोन करा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि वेठबिगारीत अडकलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

नाव द्यायचंच असेल तर या बसण्याला ताईंचं द्या. पाटीवर वार आणि वेळ हिंदीतही लिहा.