नोकरी सोडून सुऱ्यांचा धंदा? आधी एका सुरीचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: वय 36, कोल्हापूरजवळ टूलरूममध्ये नोकरी, हातात पगार 42,000. शनिवार-रविवार घरी किचनच्या सुऱ्या करून 3,500 ला विकतो. नोकरी सोडून पीएफचे 6.5 लाख काढावेत आणि 8 लाखांचे कर्ज घेऊन शेड, भट्टी, ग्राइंडर उभे करावेत का?

आत्ता नको. तुम्हाला पैसा कमी पडत नाहीये, तास कमी पडताहेत, आणि तास कर्जाने मिळत नाहीत.

तुमचेच आकडे घेतो. एका सुरीला पोलाद, मुठीचे लाकूड, पिना, इपॉक्सी, ग्राइंडिंगचे बेल्ट मिळून 750 रुपये. खोके आणि कुरिअर 200. वेळ सहा तास. सहा पात्यांमागे एक वाया जाते. म्हणजे सहा पात्यांचे 4,500, पाच सुऱ्या पाठवायचे 1,000, विक्री 17,500. सुरीमागे 2,400 सुटतात. पूर्णवेळ बसलात तरी महिन्याच्या 200 तासांपैकी फोटो, मेसेज, खरेदी, पॅकिंग यांत 70 तास सहज जातात (हे कुणी धरतच नाही). उरलेल्या 130 तासांत साधारण 18 चांगल्या सुऱ्या, म्हणजे 43,200. त्यातून वीज आणि किरकोळ खर्च 5,000 वजा करा. 8 लाखांचा 11 टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता 17,400 च्या आसपास. हातात 20,800, तेही सगळा माल खपला तर.

म्हणून फक्त ग्राइंडर घ्या: 2 बाय 72 इंची बेल्टचा, 2 एचपी मोटर आणि व्हीएफडीसह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे यंत्र). खर्च ठेवीतून करा, सव्वा लाखाच्या वर जाऊ नका. काम सहावरून साडेचार तासांवर आले, तर त्याच 130 तासांत 24 सुऱ्या होतात आणि हप्ता नसल्याने 52,000 च्या पुढे उरतात.

भट्टी तर अजिबात नको. वाया जाणारी पाती तिथेच जातात. भंगारातल्या गाड्यांच्या कमानपाट्यात जुन्या बारीक चिरा असू शकतात, त्या पाणी देतानाच (तापलेले पाते कडक करायला एकदम थंड करताना) उघडतात. बिलावर ग्रेड लिहिलेला ईएन 31 पोलादाचा 3 मिमी पट्टा घ्या. ईएन 31 तेलातच विझवायचे. पाण्यात टाकाल तर तडकेल. पात्याची धार आधीच पातळ केली किंवा दोन्ही बाजू असमान घासल्या, तर पाते वाकते. धारेला पाऊण-एक मिमी जाडी ठेवा, पिनांची भोके आधीच पाडा (नंतर साधे ड्रिल चालत नाही) आणि वीस-पंचवीस पाती एकदम बाहेरच्या हीट ट्रीटमेंटवाल्याला जॉबवर्कला द्या. हार्डनिंग (तापवून-विझवून कडक करणे), दोनदा टेम्परिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा थोडे तापवणे), 60 एचआरसी (कडकपणाचे माप) असे लिहून द्या आणि रिपोर्ट मागा. सुरीमागे खर्च थोडा वाढेल, पण वाया जाणे कमी झाले की तो भरून निघतो. परत आल्यावर घासताना पाते निळे पडले, तर तिथला कडकपणा गेला. ती सुरी विकू नका.

पीएफला हात लावू नका. 2024-25 साठी त्यावर 8.25 टक्के व्याज जाहीर झाले होते. इतक्या बिनघोर जागी ठेवलेला पैसा पत्र्याच्या शेडमध्ये घालायचा नसतो. पीएमईजीपीचे (नव्या उद्योगांसाठीच्या केंद्राच्या कर्ज-अनुदान योजनेचे) अनुदान ऐकून हुरळू नका. ते रोख हाती येत नाही, तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून अडकते, आणि पहिल्या कर्जावर ते नव्या उद्योगालाच मिळते. उद्यम नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका.

महाराष्ट्रातल्या विक्रीला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर आधी सीएला भेटा. नोंदणी घ्यावी लागली आणि कर 3,500 मध्येच धरलात तर तो तुमच्या 2,400 मधून जाईल. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पाते शस्त्र नियमांच्या कक्षेत येऊ शकते. घरगुती आणि शेतीकामाची हत्यारे त्यातून वगळलेली आहेत. तेव्हा बिलावर आणि जाहिरातीत 'किचन नाइफ' असेच लिहा, खंजीर-कट्यारीच्या ऑर्डरी घेऊ नका. आणि तुमचे कुरिअर धारदार वस्तू नेते का, हे लेखी विचारून घ्या.

पुढची खेप 4,500 ला लावून पाहा. मित्र-नातेवाईक सोडून अनोळखी गिऱ्हाइकांच्या आगाऊ पैसे भरलेल्या 50 ऑर्डरी हातात असतील आणि सहा महिन्यांचा घरखर्च ठेवीत बाजूला असेल, तेव्हा राजीनाम्याचा विचार करा.