मानवंदना देणाऱ्या तुकडीला काय म्हणावे?

‘गार्ड ऑफ ऑनर’साठी ‘मानवंदना’ हा शब्द मराठीत रुळला आहे, पण ती देणाऱ्या तुकडीला ‘सन्मान रक्षक’ म्हणावे की हिंदीच्या धर्तीवर ‘सन्मान गारद’, असा प्रश्न अनुवादाचे काम करणाऱ्या एका वाचकाने विचारला आहे.

इंग्रजीत समारंभ आणि तुकडी या दोहोंना एकच नाव चालते. मराठीत मानवंदना ही कृती आहे. तुकडी ती देते आणि पाहुणा ती स्वीकारतो. त्यामुळे ‘मानवंदना प्रांगणात उभी होती’ असे वाक्य होऊ शकत नाही. तुकडीसाठी ‘मानवंदना पथक’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो.

‘रक्षक’ शब्दाने मात्र फसगत होते. राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात परदेशी राष्ट्रप्रमुखांपुढे उभे राहणारे पथक भूदल, नौदल आणि हवाई दल या तिन्हींच्या जवानांचे असते आणि रक्षण हे त्याचे कामच नव्हे. जानेवारी २०१५ मध्ये बराक ओबामा आले तेव्हा विंग कमांडर पूजा ठाकूर यांनी ज्याचे नेतृत्व केले, ते हेच पथक. पाहुण्यांच्या मोटारीसोबत घोड्यांवरून दौडत येतात ते राष्ट्रपतींचे अंगरक्षक होत. वॉरन हेस्टिंग्जने १७७३ मध्ये बनारस येथे उभारलेले ते दल आज भारतीय सैन्यातील सर्वांत ज्येष्ठ रेजिमेंट मानले जाते. उंच, लाल किंवा पांढऱ्या अंगरख्यातील हे घोडेस्वार समारंभापुरते सैनिक नसतात, त्यांना हवाई छत्रीधारी सैनिकांचे प्रशिक्षणही असते. म्हणून ‘अंगरक्षक’ हे नाव त्यांच्याकडेच राहू द्यावे, कारण बातमीत दोन्ही दलांना एकच शब्द वापरला की वाचकाला कोण कोणते हे कळत नाही.

हिंदीतला ‘गारद’ मराठीत आणणे तर मला अजिबात पटत नाही. आपल्याकडे खेळाच्या पानावर संघ ‘८० धावांत गारद’ होतो आणि ‘गारदी’ म्हटले की शनिवारवाड्यातला नारायणराव पेशव्यांचा खून आठवतो. तोही १७७३ मधलाच. असा शब्द सन्मानाच्या प्रसंगी कानाला बोचल्यावाचून राहणार नाही.

‘सलामी’ची जागा थोडी वेगळी आहे. कवायतीत ‘सलामी शस्त्र’ हा हुकूम सुटताच जवान रायफल शरीरासमोर उभी धरतात, आणि तोफांच्या बाबतीतही आपण सहज ‘२१ तोफांची सलामी’ म्हणतो. म्हणजे सलामी हा मानवंदनेतील एक विधी असू शकतो. सगळ्या समारंभाला तो शब्द अपुरा पडतो.

आर्लिंग्टन येथील अज्ञात सैनिकाच्या समाधीपाशी अमेरिकी सैन्याच्या ‘ओल्ड गार्ड’ रेजिमेंटचा जवान २१ पावले चालतो, वळून २१ सेकंद थांबतो आणि परत निघतो. या समाधीवर १९३७ पासून अहोरात्र पहारा असतो. त्याविषयी लिहिताना ‘मानवंदना’ नको. तिथे ‘पहारा’ आणि ‘पहारेकरी’ हेच शब्द योजावेत.