ट्रायलमधले पेशंट आणि घरातली आई

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आईचं वय 78, हार्ट फेल्युअर आहे, शुगर जुनी, क्रिएटिनिन (किडनी अधू झाली की रक्तात वाढतं ते) 1.8. आता स्पायरोनोलॅक्टोन 25 चालू केलीय. भाऊ पुण्याला असतो, त्यानं वाचून सांगितलं की ह्या गोळीनं मृत्यू 30 टक्क्यांनी कमी होतात, मग आईला पण तेवढाच फायदा होणार ना? आणि महिन्या-महिन्याला रक्त तपासा म्हणतात, सारखं बेळगावला नेणं जमत नाही, एवढं लागतंच का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : गोळी चांगली आहे, हे आधी सांगतो. भावानं वाचलेला आकडा 1999 च्या रेल्स ट्रायलचा, म्हणजे पेशंटना औषध देऊन केलेल्या अभ्यासाचा, त्यात साधारण दोन वर्षांत औषध नसलेली गोळी घेणाऱ्या 100 पैकी 46 जण गेले आणि ही घेणाऱ्यांपैकी 35, फायदा खराच. पण तिथं सरासरी वय 65 होतं, क्रिएटिनिन अडीचच्या वर किंवा पोटॅशियम 5 च्या वर असलेल्यांना घेतलंच नव्हतं आणि पहिले तीन महिने दर चार आठवड्यांनी पोटॅशियम बघत होते, कारण ह्या गोळीनं रक्तातलं पोटॅशियम वाढतं.

पुढं कॅनडातल्या ओंटारियोत काय झालं बघा. ट्रायल छापून आल्यावर डॉक्टर ही गोळी भराभर लिहायला लागले, म्हाताऱ्या पेशंटना, किडनी अधू असलेल्यांना पण, आणि पोटॅशियम वाढून ॲडमिट होणाऱ्यांचं प्रमाण 1994 मधे हजारी 2.4 होतं ते 2001 मधे 11 वर गेलं. पोटॅशियम फार चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस दगावतो. उलट स्कॉटलंडच्या टेसाइड भागात गोळीचा वापर असाच वाढला पण तिथं रक्त नीट तपासत राहिले, म्हणून तसं काही वाढलं नाही. म्हणजे ट्रायलचा जो फायदा आपण वाचतो तो गोळी अधिक तपासणी असा मिळून असतो, आपल्याकडं मात्र गोळी तेवढी घरी येते.

म्हणून आईला तेवढाच फायदा होईल असं छातीठोक सांगता येत नाही. तिचं 1.8 अडीचच्या आत आहे खरं, पण 78 व्या वर्षी, अंगात मांस कमी असताना 1.8 म्हणजे किडनी तरण्या माणसाच्या 1.8 पेक्षा बरीच कमी चालते. त्यात गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून देत असाल तर ते आधी थांबवा, बीपीची कुठली गोळी चालू आहे ते पण डॉक्टरांना दाखवा, कारण त्यातल्या काहींनी सुद्धा पोटॅशियम वाढतं. ताकद येते म्हणून रोज नारळपाणी नको, आणि बीपीसाठी चांगलं म्हणून लो सोडियम मीठ आणलं असेल तर त्यात पोटॅशियमच घातलेलं असतं. जुलाब-उलट्या लागल्या तर वाट न बघता डॉक्टरांना विचारा, पण आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

पहिली तपासणी आठवड्याभरात, मग महिन्यानं, पुढच्या तारखा डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. त्यासाठी बेळगाव कशाला, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन निपाणीतल्या लॅबमधे होतं, रिपोर्टचा फोटो त्याच दिवशी डॉक्टरांना पाठवा, आणि पोटॅशियम 5.5 च्या वर आलं तर मेसेज नको, सरळ फोन करा.