भाषणात विरोध, मतदानात पाठिंबा: आमदारांचं खरं काय धरायचं?

प्रश्न : नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आमचे आमदार पुरवणी मागण्यांवर कडक बोलले. कापूस-सोयाबीनवाल्या कास्तकाराला यात काय, विदर्भाचा सिंचनाचा अनुशेष (मागं राहिलेली कामं) कधी भरणार, असं सगळं. ते सत्ताधारी बाकावर आहेत. मागण्या मंजूर झाल्या, विधेयकही झालं, त्यांनी कुठंच आडकाठी केली नाही. आता फाट्यावर बोर्ड लागला आहे, ‘नाल्यावरील पुलासाठी २ कोटी मंजूर’. गावात दोन तट पडले. त्यांचा विरोध समजायचा की पाठिंबा?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : दोन्ही खरं असू शकतं. आमदाराला कोणत्या टप्प्यावर काय करता येतं, ते पाहिलं की याचा उलगडा होतो.

मार्चच्या अर्थसंकल्पात न बसलेला किंवा कमी पडलेला खर्च सरकार वर्षाच्या मध्येच पुरवणी मागण्यांतून मागतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०५ मध्ये ही तरतूद आहे. रक्कम लहान नसते. डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात ७५,२८६ कोटी रुपयांच्या मागण्या मांडल्या गेल्या. अतिवृष्टीच्या मदतीपासून लाडकी बहीण योजनेपर्यंत सगळं त्या एकाच गठ्ठ्यात होतं.

खात्यानुसार मागण्यांवर चर्चा होते, तीच आमदाराची खरी संधी. तिथंही हात अर्धे बांधलेले असतात. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मागणी मांडताच येत नाही, म्हणून ‘आमच्या तालुक्याला १० कोटी वाढवा’ असा प्रस्ताव सदस्य आणू शकत नाही. रक्कम कमी करा किंवा मागणी नाकारा, एवढंच तो सुचवू शकतो. त्यासाठी कपात सूचना असते. लोकसभेच्या नियमांत धोरणच अमान्य असेल तर मागणी १ रुपयावर आणा अशी सूचना देतात, आणि एखादी ठरावीक तक्रार मांडायची असेल तर १०० रुपये कमी करा अशी. शंभर रुपयांनी तिजोरीला फरक पडत नाही, पण तक्रार कागदावर येते. सत्ताधारी सदस्य सहसा कपात सूचना देत नाही. तो भाषणात बोलतो आणि आधी मंत्र्यांना पत्र देऊन ठेवतो.

मागण्या मंजूर झाल्या की त्यांचं विनियोजन विधेयक, म्हणजे तो पैसा तिजोरीतून काढायला परवानगी देणारं विधेयक येतं, आणि इथं वाट संपते. अनुच्छेद २०४ प्रमाणे या विधेयकात रक्कम बदलणारी किंवा पैसा दुसरीकडे वळवणारी दुरुस्ती मांडताच येत नाही. कास्तकारांची मदत हवी आणि दुसऱ्या कुठल्या खात्याची उधळपट्टी नको, असं निवडून मत देण्याची सोय नाही. होय, नाही किंवा तटस्थ, तेही अख्ख्या विधेयकावर.

त्यात पैशाच्या मागणीवर हरलेलं सरकार टिकत नाही, असा संसदीय संकेत आहे. म्हणून पक्षादेश (व्हिप), म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा हुकूम, निघतो. तो मोडून मत दिलं किंवा तटस्थ राहिलं आणि पक्षानं १५ दिवसांत माफ केलं नाही, तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाखाली, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानं, आमदारकी जाऊ शकते. अपक्षाला पक्षादेश लागू नसतो, त्यामुळे त्याच्या मताचा जाब जास्त कडकपणे विचारावा. विरोधी बाकावरच्या आमदाराचंही असंच: स्वतःच्या मतदारसंघातला रस्ता यादीत असला तरी तो विधेयकाविरुद्ध मत देतो. ते मत सरकारविरुद्ध असतं. ‘यांनी आपल्या रस्त्याला विरोध केला’ हा प्रचार त्याच्यावर अन्यायच आहे.

तेव्हा तुमच्या आमदारांचं मत बाजूला ठेवा आणि भाषण तपासा. कोणत्या खात्याची मागणी, कोणतं काम, किती रक्कम हे नाव घेऊन बोलले का? मंत्र्यांनी उत्तरात त्यावर काही शब्द दिला का? दिला असेल तर पुढच्या अधिवेशनाआधी त्याचा पाठपुरावा केला का? ‘विदर्भावर अन्याय’ एवढंच मोघम बोललं असेल, तर अनुशेषाचा विषय एक पाऊलही पुढं सरकत नाही, आणि याची आम्हाला खरी चीड आहे.

प्रश्न : कोणी कोणत्या बाजूनं मत दिलं, हे कागदावर मिळतं का?
— वाशिम

उत्तर : बहुतेक वेळा नाही. मतदान आवाजी होतं. अनुकूल असतील त्यांनी ‘होय’, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणायचं, त्यात नावं नोंदली जात नाहीत. सदस्यांनी मतविभागणी (एकेकाचं मत मोजणं) मागितली आणि ती झाली तरच नावं येतात. भाषणं मात्र शब्दशः नोंदलेली असतात. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर सभागृह आणि तारीख धरून कार्यवाही शोधा. मोबाइलवर फिरणारी दोन मिनिटांची चित्रफीत पाहून मत बनवू नका, वाक्य अर्ध्यावर कापलेलं असतं.

प्रश्न : विधान परिषदेचे आमदार हे विनियोजन विधेयक अडवू शकतात का?
— भंडारा

उत्तर : नाही. ते धन विधेयक, म्हणजे फक्त सरकारी पैशाविषयीचं विधेयक असतं. परिषद १४ दिवसांत फक्त शिफारशी करू शकते, आणि त्या मानायच्या की नाही ते विधानसभा ठरवते.

प्रश्न : बोर्डावर ‘मंजूर’ लिहिलं की पैसा आला असं समजायचं का? खात्री कशी करावी?
— बुलढाणा

उत्तर : समजू नका. बोर्डावर बहुधा कामाची अंदाजित किंमत असते. पुरवणी मागण्यांच्या पुस्तकात या वर्षाची तरतूद वेगळी असते आणि ती पुष्कळदा फारच कमी असते. २ कोटींच्या पुलाला यंदा १० लाख, असंही होतं. अर्थसंकल्पी पुस्तकांतले आकडे सहसा ‘रुपये हजारात’ असतात. तिथं २०००० दिसलं तर ते २ कोटी, आणि नुसता १ दिसला तर ती १ हजाराची लाक्षणिक तरतूद. म्हणजे कामाला नाव मिळालं, पैसा नाही. लोक नेमके इथंच फसतात.

तरतुदीनंतर प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश हे सगळं बाकी असतं. वित्त विभाग निधी हप्त्यांनी सोडतो, आणि न खर्चलेली तरतूद ३१ मार्चला संपते. डिसेंबरात मंजूर झालेल्या कामाला जेमतेम साडेतीन महिने मिळतात, निविदेला एकच ठेकेदार आला आणि ती पुन्हा काढावी लागली तर तेवढेही नाही.

माहिती अधिकारात अर्ज करा. राज्यमार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, ग्रामीण रस्ता असेल तर जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. चुकीच्या ठिकाणी गेला तरी पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांना बंधनकारक आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून पूल आणि पांदण रस्ता एका अर्जात घालू नका. एवढंच लिहा:

‘अमुक ते तमुक रस्त्यावरील नाल्यावरच्या पुलाबाबत: १) पुरवणी मागणी पुस्तकातील पान, बाब क्रमांक व लेखाशीर्ष, २) चालू वर्षाची तरतूद, ३) प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचे क्रमांक, दिनांक व प्रती, ४) आजपर्यंत वितरित व खर्च झालेला निधी.’

‘काम का झालं नाही’ असं विचारू नका. कारणं विचारली की ‘हे कायद्यातल्या “माहिती”च्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं. नोंदी मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, त्याला २० रुपये लागतात. रस्ते व पूल यांवरच्या भांडवली खर्चाचं लेखाशीर्ष (सरकारी हिशेबातला खर्चाचा क्रमांक) ५०५४ पासून सुरू होतं. उत्तरात त्याऐवजी आमदार स्थानिक विकास निधीचा उल्लेख आला, तर तो पैसा या विधेयकातल्या कामाचा नाही. तो आमदाराच्या वर्षाच्या ५ कोटींतला आहे आणि त्याची कागदपत्रं जिल्हा नियोजन कार्यालयात मिळतील.