ब्लड कॅन्सरमध्ये पेशी वाढवायचं इंजेक्शन कशाला?

वडिलांना सीएमएल, म्हणजे पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणारा ब्लड कॅन्सर आहे, गोळी सुरू केल्यावर पांढऱ्या पेशी १,८०,००० वरून १,९०० वर आल्या, आणि आता डॉक्टर पेशी वाढवायचं इंजेक्शन म्हणतायत. हे आगीत तेल नाही का, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही, लातुरात लॅब टेक्निशियन आहे. पण हा प्रश्न आमच्या काउंटरवरही येतो.

पेशी किती बनवायच्या याचा निरोप अस्थिमज्जेला, म्हणजे हाडांतल्या मगजाला, प्रथिनांकडून मिळतो. तांबड्या पेशींसाठी मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन, प्लेटलेटसाठी मुख्यतः यकृतातून थ्रोम्बोपोएटिन, न्यूट्रोफिलसाठी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींसाठी, जी-सीएसएफ. गंमत अशी, की जी-सीएसएफचा फडशा न्यूट्रोफिलच पाडतात. ते भरपूर असले की प्रथिन उरत नाही, उत्पादन मंदावतं. कमी झाले की ते साचतं आणि मज्जा कामाला लागते.

सीएमएलमध्ये ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीआर-एबीएल नावाचं प्रथिन तयार होतं. बोअरच्या स्टार्टरमधला वीज जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर चिकटला की लाल बटण दाबून दाबून बोट दुखतं, मोटार काही थांबत नाही. तसंच. निरोप येवो न येवो, पेशी वाढतच राहतात. अशा पेशंटची ट्यूब स्टँडवर तासभर ठेवली, की तांबड्या रक्तावर पांढुरका थर धरतो, सायीसारखा. एरवी तो जेमतेम रेघेएवढा असतो.

इमॅटिनिबसारखी गोळी नेमका हा चिकटलेला कॉन्टॅक्टर सोडवते. आजारी पेशी झपाट्यानं ओसरतात. पण इतके महिने त्यांच्याखाली दबलेल्या निरोगी पेशी लगेच उगवत नाहीत. मधल्या काळात काउंट पडतो. न्यूट्रोफिल १,००० च्या खाली गेले तर डॉक्टर बहुधा गोळी थांबवतात, १,५०० झाले की पुन्हा सुरू करतात. कधी जोडीला थोडे दिवस जी-सीएसएफ देतात, हेच ते पेशी वाढवायचं इंजेक्शन. म्हणजे शरीराचाच निरोप, जरा मोठ्या आवाजात. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

इंजेक्शननंतर काउंट एकदम चढतो, स्लाइडवर कोवळ्या पेशीही दिसतात. तेवढ्यावरून आजार उलटला असं धरू नका; ते बीसीआर-एबीएलच्या पीसीआर तपासणीवरून कळतं. रक्त देताना इंजेक्शनची तारीख फॉर्मवर लिहायला लावा, नाहीतर आमच्यासारखा एखादा उगाच तुमची झोप उडवतो. कंबर, हाडं ठणकतात, ते चालायचंच. पण काउंट कमी असताना ताप आला, तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.