डब्यातली रेखाटने आणि रविवारचा कॅनव्हास

प्रश्न : माझे वय ४७. डोंबिवलीहून फोर्टमधल्या एका विमा कार्यालयात नोकरीला येते. शाळेत इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा उत्तम श्रेणीत उत्तीर्ण झाले, पण चित्रकलेचे शिक्षण परिस्थितीमुळे राहून गेले. आता रविवारी निसर्गचित्र काढायला बसते, तर हातच चालत नाही. लोकलमध्ये वहीत बायकांची रेखाटने करते, पण तो नुसता टाइमपास. यजमान म्हणतात, निवृत्तीनंतर काय ती चित्रे काढ. स्वेच्छानिवृत्ती घ्यावी का?

उत्तर : ज्याला तुम्ही टाइमपास म्हणून बाजूला सारता, तेच मला तुमचे खरे काम वाटते. महिलांच्या डब्यात तुमच्यासाठी कोणी स्थिर बसत नाही. मेथी निवडणारीचे हात थांबत नाहीत, चौथ्या सीटवर टेकलेली बाई दादर येताच उठणार असते, आणि त्यामुळे नाक-डोळे बाजूला ठेवून आधी पाठीचा बाक, मानेचा कल आणि मांडीवरच्या पिशवीचे ओझे पकडावे लागते. झटपट रेखाटनाच्या सरावासाठी कलाशाळेतले विद्यार्थी वह्या घेऊन रेल्वे स्थानकांवर बसतात, ते याचसाठी. उलट रविवारी तुम्ही जो डोंगर रंगवता, तो आठवडाभरात पाहिलेला तरी असतो का? चित्र म्हणजे निसर्गदृश्य, ही शाळेतली समजूत त्या कॅनव्हासवर अजून ठाण मांडून बसली असावी, असा माझा संशय आहे.

नोकरी करून मोठे काम करणारे या शहरात झाले आहेत. चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) अनेक वर्षे विणकर सेवा केंद्रात, म्हणजे हातमागाच्या कापडासाठी नक्षी तयार करणाऱ्या सरकारी संस्थेत, नोकरीला होते. कवी अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात काम करत. मात्र या उदाहरणांचा आधार जपूनच घ्यावा, कारण त्यांची नोकरी रेषा-रंगांच्या शेजारची होती आणि विम्याच्या दाव्यांच्या फायली तशा नाहीत. तुम्ही संध्याकाळी थकता, हे खरेच आहे.

तरीही आज राजीनामा देऊ नये, असे मी स्पष्ट सांगते. घरखर्चाचा भार चित्रांवर पडला की विकले जाईल तेच काढण्याचा मोह होतो, आणि तुमचा हात तर आताच ‘चित्रासारखे चित्र’ काढण्याच्या दडपणाने आखडतो आहे. वर्षभर रविवारचे निसर्गचित्र बंद ठेवा. आठवड्यातले एक रेखाटन निवडून ते मोठ्या कागदावर, शक्यतो त्याच पेनने, आठवणीतून पुन्हा काढा. मोबाइलवर फोटो घेऊन त्यावरून काढू नका. सहप्रवासी बायकांना न विचारता त्यांचे फोटो घेणे योग्यही नाही.

यजमानांशी वाद घालू नका, पण निवृत्तीपर्यंत थांबूही नका. डोळा आणि हात यांचा सराव साठवून ठेवता येत नाही. रविवारी सकाळी दोन तास स्वयंपाक आणि पाहुणे त्यांनी सांभाळावेत, एवढी ठोस मागणी करा. कलेवरील श्रद्धेच्या चर्चेपेक्षा अशी मागणी मान्य होण्याची शक्यता अधिक असते.

दरम्यान, स्वेच्छानिवृत्तीचे नियम, भविष्य निर्वाह निधी आणि मिळू शकणारी रक्कम यांची माहिती कार्यालयातून लेखी घेऊन ठेवा. वर्षाअखेरीस हाती घेतलेले काम उपलब्ध वेळेत मावेनासे झाले, तर ते आकडे पुढ्यात ठेवून पुन्हा लिहा. तेव्हा माझे उत्तर वेगळे असू शकेल.